गयामायच्या दारातला सडा

घरातून निघताना ह्यांनी विचारलं, "काळजी घेतलीस ना बरोबर?" स्वेटर, औषधं आणि पाण्याच्या बाटलीसोबत मी काळजीही भरून घेते, हा त्यांचा जुना विनोद. नाशिकहून बीडला पोचेपर्यंत गॅस बंद केला का, हे मी त्यांना दोनदा फोन करून विचारलं. ते घरीच होते, तरी.

बीडहून आधी कपिलधार गाठलं. दिवाळी होऊन गेल्यामुळे धबधब्याची धार बारीक झाली होती, पण देवळात छान गारवा होता. पुढची एसटी नेकनूरजवळ पंक्चर झाली. कंडक्टर म्हणाले, निवांत बसा. मी काही निवांत बसणाऱ्यातली नव्हे. ऊन कलायला लागलं तशी रस्त्याच्या कडेला येरझारा घालत राहिले. धारूरच्या अलीकडे फाट्यावर जिच्याकडे उतरायचं होतं ती मैत्रिणीची जाऊ सुमनताई उभी दिसली, तेव्हा जिवात जीव आला.

तिच्या गावात पाऊल टाकलं आणि पुन्हा धास्तावले. गल्लीतल्या निम्म्या घरांना कुलपं होती. कोयते (ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडपी) गेले की गाव असंच दिसतं, असं सुमनताई म्हणाली. मागे राहतात ती म्हातारी माणसं. तिने येसराची आमटी केली (येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ), आणि घरच्यांना पुरून उरतील इतक्या भाकरी थापल्या. उरलेल्या भाकरी फडक्यात बांधून ती शेजारच्या गयामायकडे निघाली. मीही तिच्यामागे गेले.

गयामाय एवढीशी, वाळून गेलेली. मुलगा आणि सून ऊसतोडीला कर्नाटकात. तिचे हात सारखे थरथरत होते. तेच हात माझ्या गालांवरून फिरवून तिने स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली आणि ओंजळभर शेंगा माझ्या पदरात घातल्या. नको म्हणाले तर तिला वाईट वाटलं, म्हणून घेतल्या.

सकाळी मला लवकर जाग आली. सुमनताई गोठ्यात धारा काढत होती. आमच्या अंगणात तिने शेणपाण्याचा सडा टाकला होता, बादलीत थोडं उरलं होतं. शेजारी पाहिलं तर गयामायचं अंगण कोरडं. बिचारीचे हात थरथरतात, आपण करून टाकू, असं मनात आलं. हळूच अंगण झाडलं, सडा टाकला, वर रांगोळीचं छोटं कमळही काढलं. दार बंद होतं. झोपमोड नको म्हणून बादलीचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही. खरं सांगायचं तर स्वतःवर मी भारी खूश झाले. कुणाला सांगितलंही नाही. चांगलं काम मिरवायचं नसतं ना.

शेताकडे निघताना सुमनताईने गल्लीच्या तोंडावरूनच मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "गयामाय उठली. चला." मी मनातल्या मनात हसले. ती ज्वारीच्या शेताकडे गेली, मी किल्ल्याकडे. तटावर वारा इतका होता की पदर सावरू की चष्मा, कळेना. खाली बालाघाटाच्या पिवळ्या पडत चाललेल्या टेकड्या दूरवर पसरल्या होत्या. तासभर तरी मी कशाचीच काळजी केली नाही.

दुपारी परतले तर पारावर बसलेल्या गावातल्या म्हाताऱ्या किसनआबांनी मला थांबवलं. "ताई, गयामायच्या दारात रांगोळी कावून हाय? रांगोळीला तिचा हात किती वर्सं झाली चालत न्हाई."

मी हसत सांगितलं, ती मीच काढली. आबा हसले नाहीत. काठी टेकत उठले आणि चालता चालताच सांगू लागले. गावात मागं राहिलेली म्हातारी माणसं सकाळी काहीही करून दारात सडा टाकतात. येणारा-जाणारा ओलं अंगण बघतो आणि समजतो, माणूस ठीक आहे. अंगण कोरडं दिसलं की दार उघडून आत जायचं.

तशीच धावले. दार आतून बंद होतं. हाका मारल्या, कडी वाजवली, काही नाही. आबांनी फोन केला तशी सुमनताई शेतातून पळत आली आणि मागच्या खिडकीतून आत शिरली. तिने दार उघडलं. गयामाय चुलीपाशी पडली होती, शेजारी पाण्याची कळशी कलंडलेली. पाय विचित्र मुडपला होता, ओठ कोरडे पडले होते. पण श्वास चालू होता.

दुधाच्या टेम्पोतून आम्ही तिला धारूरच्या दवाखान्यात नेलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी घडीघडी तिच्या नाकाशी बोटं धरून बघत होते. शेवटी राहवेना. म्हटलं, "ताई, सडा मी टाकला होता."

"आबांनी सांगितलं," सुमनताई म्हणाली. "तुमी मायेनंच केलं. पर मीबी लांबूनच बघून गेलते. दारात जाऊन हाक मारायला मला काय झालंतं?"

मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण ऑपरेशनला अंबाजोगाईला न्यावं लागेल. सलाइन चढल्यावर गयामायने डोळे उघडले. मला जवळ बोलावलं.

"सकाळी सडा टाकल्याचा आवाज आला. म्हनलं, कुणीतरी आलंय माझ्यासाठी. लई हाका मारल्या, पर आवाजच निघंना. तूच व्हतीस व्हय?"

मी नुसती मान हलवली. काय ऐकावं लागेल ते ऐकायला तशीच वाकून उभी राहिले. तिने थरथरत्या हातांनी माझी बोटं धरली.

"हात गार पडलेत तुझे. येवढ्या थंडीत पान्यात कावून घातलेस?" असं म्हणून ती माझी बोटं चोळत राहिली. मला रडू आवरलं नाही.

मुलगा आणि सून येऊन पोचले, तेव्हाच मी नाशिकची गाडी धरली.

आमच्या मजल्यावर एकटे राहणारे एक काका आहेत. त्यांना वाकायला नको म्हणून दाराशी पडलेला पेपर उचलून मी रोज कडीला अडकवून ठेवायचे. आता पेपरला हात लावत नाही. आधी बेल वाजवते. आतून चपलांचा आवाज येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. काका कुरकुरतात, रोज काय उठवता म्हणून. मग सावकाश वाकून स्वतःच पेपर उचलतात, आणि तेवढा वेळ मी तिथेच उभी राहते.