मीनाच्या दुधातलं चूर्ण

नव्या औषधाची चाचणी चालू असताना बाहेरचं काहीही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी मी बायकोच्या दुधात चूर्ण मिसळत राहिलो. तिला न सांगता. तुमच्या घरचं कोणी अशा चाचणीत असेल, तर माझं ऐका.

इंदूरला डॉक्टर म्हणाले, "पार्किन्सन्स आहे. सुरुवात आहे." म्हणजे मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं, मग हात थरथरतो, पाऊल अडतं. मीना बुऱ्हानपूरला शाळेत शिकवते. फळ्यावरचं तिचं अक्षर बारीक होत चाललं होतं. आम्ही खडूला दोष देत होतो.

तेच डॉक्टर एका नव्या गोळीवर संशोधन करत होते. एक संस्था पैसा देत होती, पण पुढचा पैसा निकाल पाहून मिळणार होता. चाचणी संपेपर्यंत दुसरं औषध सुरू करायचं नव्हतं. चाचणीत येता का विचारल्यावर मीना लगेच हो म्हणाली. "माझं राहू द्या, पुढच्याला तरी उपयोग होईल."

मग रोज तिचा हात पदराच्या पिनेशी झगडताना पाहायचा. मला बघवेना. राजघाटाजवळच्या जडीबुटीवाल्याकडून कौंचाचं चूर्ण आणलं. कौंच म्हणजे बांधावरची खाजकुहिली. हे तिच्या बियांचं चूर्ण.

काही आठवड्यांत हात स्थिरावला. "अहो, गोळी लागली बघा," ती म्हणाली. मी मान डोलावली.

पुढच्या तपासणीला संस्थेची माणसं आली होती. मीना त्यांच्यासमोर व्हरांड्यात झपझप चालली, न अडखळता वळली. डॉक्टर खुशीत म्हणाले, "मॅडम, आप तो दौड़ने लगीं."

"सर, बुऱ्हानपूरचं बसभाडं वाचलं. चालतच जाते."

सगळे हसले. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "सगळ्यांना असाच फरक आहे?"

"नाही. यांना फार आहे," डॉक्टर म्हणाले.

डॉक्टर आणि पाहुणे आत गेले. दार लागलं. पैशाचं आतमध्ये ठरणार होतं, आणि तेही माझ्या चूर्णावर. मी बाकावरून उठलो, डॉक्टरांना बाहेर बोलावलं आणि मीनासमोरच सांगितलं.

चूर्ण कधीपासून आणि किती, ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, "कौंचात लेव्होडोपा असतं. पार्किन्सन्सचं नेहमीचं औषध तेच. आमच्या गोळीनं काय केलं, ते आता यांच्यावरून कळणार नाही. एकदम बंद करू नका, मी बेतानं बदलून नेहमीचं औषध देतो." ते परत आत गेले, हे सगळं सांगायला.

मीनाचं नाव चाचणीतून निघालं. बाकीच्यांचे निकाल पाहून ठरवू, असं संस्थेनं कळवलं. अजून ठरलेलं नाही.

परतीच्या बसमधून असीरगडचा किल्ला दिसला तेव्हा ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मला बरं करायचं होतं, का मी हळू झालेलं तुम्हाला बघवत नव्हतं?"

तिनं पदराची पिन नीट केली.

"हो मी म्हटलं होतं ना? एक काम होणार होतं माझ्या हातून."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध मी तापवलं. तिनं पेला माझ्याकडे सरकवला. "आधी तुम्ही."

मी घोटभर प्यायलो. पेला तिच्यापुढे ठेवला.

"मीना, तुला विचारायला हवं होतं. आजार तुझा, शब्दही तू दिलेला. मी तुला फसवलं. मला माफ कर."