डावीकडची जागा

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला एकच होता. महिन्यातून एकदा, पुरुषांचं झालं की बायका कठड्याशी एका रांगेत गुडघे टेकायच्या आणि पाळकसाहेब तो प्याला उजवीकडून डावीकडे एकेकीच्या ओठांना लावत यायचे. मध्ये फक्त पांढऱ्या रुमालाने कड पुसायचे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. माझं दृढीकरण नुकतंच झालेलं, म्हणजे मीही आता प्याल्याला पात्र. त्याच वर्षी अक्का खोकू लागली.

अक्का मूळची होटगीची. नवरा रेल्वेत होता. तो वारल्यावर ती सोलापुरात येऊन गिरणीत लागली आणि चर्चमागच्या एका खोलीत राहू लागली. तिचा खोकला आधी कापसाच्या धुळीचा म्हणून खपून गेला. मग पदरावर रक्त दिसलं. क्षय हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारला नाही. 'छातीचं आहे' एवढंच म्हणाले.

पुढच्या प्रभुभोजनाला कठड्याची उजवी बाजू गच्च भरली. 'शेजाऱ्यावर प्रीती करा' हे वचन घोकून मोठ्या झालेल्या आमच्या बायका, अक्काच्या आधी प्याला मिळावा म्हणून एकमेकींना कोपरं मारत होत्या. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. नावं ठेवतेय खरी, पण त्या दिवशी मीही उजवीकडेच होते. अक्का मुकाट्याने डाव्या टोकाला जाऊन बसली. तेव्हा माझी आई बाकावरून उठली आणि अक्काच्याही डावीकडे, सगळ्यांत शेवटी, गुडघे टेकून बसली.

मग दर महिन्याला हेच. घरात आम्ही दोघीच. आई शाळेत शिकवायची, खडूच्या धुळीने सारखी खाकरायची, आणि तिच्या प्रत्येक खाकरण्याला माझ्या हातातलं काम थांबायचं. ही गेली तर मागे मी एकटी, हे मला लख्ख दिसत होतं.

"ओठ मिटून घे ना," मी तिला एकदा म्हटलं. "प्याला आला की नुसती मान वाकवायची. कुणाला कळतंय?"

"मला कळेल," आई म्हणाली आणि मनुका निवडत राहिली. प्रभुभोजनाचा द्राक्षरस मनुका भिजवून आमच्याच घरी व्हायचा. मला त्या मनुकांचासुद्धा राग यायला लागला होता.

उन्हाळ्यात अक्का अंथरुणाला खिळली. आई रोज तिला डबा द्यायची, शेजारी बसून भरवायची. एके दुपारी शाळेत परीक्षा होती म्हणून मला पाठवलं. मी डबा उंबऱ्यातच ठेवला आणि तिथूनच म्हणाले, "अक्का, तुमच्यानंतर माझी आई पिते. तिला काही झालं तर?"

अक्का भिंतीला टेकून उठून बसली. "मी कुटं पिते लेकरा? आठ म्हैनं झालं, त्वांड लावलं न्हाय. ओठ मिटून घेते आन मान वाकवते. तुज्या आईला सांगू नगंस. ती माज्या शेजारी बसती, तेवढंच लई हाय मला."

जी लबाडी मी आईला शिकवत होते, ती अक्का आईसाठी करत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाऊन मी आईला सगळं सांगितलं.

त्या रविवारी पाळकसाहेब प्याला घेऊन अक्काच्या खोलीवर आले. आम्ही दोघी बरोबर होतो. अक्काने नेहमीसारखे ओठ मिटले. आईने तिच्या हनुवटीला हात लावला. "अक्का, आज प्यायचं."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तेव्हा ती प्याली. "ग्वाड हाय की," म्हणाली. मग आईने प्याला घेतला. डोळे गच्च मिटूनच तिने घोट घेतला. आईलाही भीती वाटते, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. प्याला माझ्यापुढे आला आणि मी ओठ मिटून घेतले.

त्याच आठवड्यात अक्का गेली. मातीला उजवीकडच्या सगळ्या बायका आल्या आणि मोठमोठ्याने रडल्या.

दिवाळीनंतर आई खोकू लागली. खडूमुळे असेल, असं मी स्वतःला बजावत राहिले. नाताळात शाळा बंद झाली. फळा नव्हता, खडू नव्हता, खोकला तेवढा होता. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला.

नव्या वर्षाच्या प्रभुभोजनाला कठड्याची उजवी बाजू पुन्हा गच्च भरली. डाव्या टोकाला आई बसली आणि तिच्या डावीकडे मी. प्याला आईजवळ आला. तिने मान वाकवली, आणि मी इतक्या जवळ होते म्हणूनच मला दिसलं, तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. 'मला कळेल' म्हणणारी माझी आई!

मी तिच्या हनुवटीला हात लावला. "आई, पी."

पाळकसाहेब प्याला धरून थांबले. आई प्याली. मग मी प्याले.