डुकराचं मटण आणि मामांच्या येरझाऱ्या

कर्जतपासून खालापूरपर्यंतच्या पट्ट्यात डुकराच्या मटणावर इतकं प्रेम करणारा आणि त्याच मटणाला इतका घाबरणारा माणूस माझ्या आईच्या एका मामेभावाखेरीज दुसरा झाला नसेल. मी त्यांना मामा म्हणत असे, आणि सगळा गावही मामाच म्हणे. डोंगराकडून शिकारीची आरोळी आली की मामांच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि त्याच वेळी पोटात गोळा यायचा. मग ते एका जागी बसणार कसे? मामा चालू लागायचे. अंगणातून गोठ्याकडे, गोठ्यातून पेंढ्याच्या उडवीकडे, उडवीला वळसा घालून परत अंगणात. त्या वाटेवर पावसाळ्यातसुद्धा गवत उगवत नसे.

लढाईची वर्षं होती. मुंबईवर बाँब पडणार अशी आवई उठली, आणि वडिलांनी मला कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांच्या अलीकडच्या गावात मामांकडे धाडून दिलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, अंगानं काटकुळी, कुणी नाव विचारलं तरी मान खाली घालणारी. मामांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "बाय, तुमच्या शालंत मडमा शिकवतात ना? त्या डुक्कर खातात. मंग त्यांना काय व्हत नाय?"

"नाही होत," मी पुटपुटले.

"काय व्हत नाय, का तुला म्हायत नाय?"

मी विचार केला आणि म्हणाले, "मला माहीत नाही."

मामा एकदम खूश झाले. मामीला हाक मारून म्हणाले, "आयकलंस का गं? पोरगी शिकलेली हाय. म्हायत नाय तं म्हायत नाय म्हणते." त्या दिवसापासून मी त्यांची हक्काची श्रोती झाले. मला बोलावं लागत नव्हतं, त्यामुळे माझीही सोय झाली. मामी मात्र तांदूळ निवडत असायची. ती ऐकते असं कधी वाटलं नाही.

मामांच्या या दुभंगलेपणाचं मूळ त्यांच्या तरुणपणात होतं. घाटावर एका लष्करी दवाखान्यात ते वॉर्डबॉय होते. तिथे आजारातून उठलेल्या गोऱ्या सोल्जरांना सकाळी डुकराच्या मांसाचे तळलेले काप मिळत, आणि आठवड्याभरात त्यांचे गाल टोमॅटोसारखे होत. हे मामांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. त्याच दवाखान्यातल्या काचेच्या कपाटात एक बरणी होती, आणि ती पुसायचं काम मामांकडे होतं. बरणीत स्पिरिटमध्ये एक पांढरा, चपटा, लांबच लांब जंत घडी घालून ठेवलेला होता. "झालरीची फीत असते ना बाय, तुमच्या झग्याला, तश्शी," मामा सांगायचे, आणि माझ्याकडचे लेस लावलेले दोन्ही झगे मी ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिले. अर्धकच्चं डुक्कर खाल्लेल्या एका सोल्जराच्या पोटातून तो निघाला, असं डॉक्टरसाहेबानं मामांना सांगितलं होतं. टोमॅटोसारखे गाल आणि बरणीतली ती फीत, दोन्ही घेऊन मामा गावी परतले, आणि पुढची वीसेक वर्षं दोघांचं भांडण सोडवत राहिले.

टोमॅटोची बाजू घेतली म्हणजे मामा रंगात येत. डुकराच्या मटणानं रक्त वाढतं, थंडीत अंगात ऊब राहते, बाळंतिणीची कंबर धरत नाही, आणि म्हाताऱ्याचे गुडघे पुन्हा पोरसवदा होतात. चरबीची एक बाटली पडवीतल्या खुंटीला कायम टांगलेली असे. मामा त्यातली चरबी आधी आपल्या गुडघ्यांना चोळत आणि मग बैलगाडीच्या आसाला लावत. दोन्ही ठिकाणची करकर थांबली, हा त्यांचा पुरावा. गावडुक्कर मात्र त्यांना वर्ज्य होतं, जसं गावात सगळ्यांनाच होतं. रानडुकराचं वेगळं. "ते काय खातं? आपल्या शेतातला भात, आपल्या मळ्यातला वाल. म्हणजे ते आपल्याच घरचं जेवलेलं," असं म्हणून ते मिशीवर हात फिरवत. पण हात खाली येईपर्यंत बरणी आठवायची. "पण जंताला काय ठावं, रानचं कोनचं नि गावचं कोनचं?" आणि मामा उठून उडवीच्या दिशेनं निघत.

गावच्या रिवाजाप्रमाणे शिकारीला गेलेल्या प्रत्येकाला सारखा वाटा मिळे, हाकारे घालणाऱ्यांना आणि कुत्र्यांनासुद्धा. अंगणात सागाची पानं मांडून वाटे लावले जात. मामांना बंदूक चालवता येत नसे, पण हाकाऱ्यात त्यांच्यासारखा घसा कुणाचा नव्हता. वाटे लावणारा धोंडू शिकारी त्यांची थट्टा करायचा. "मामा, तुमच्या वाट्यात आज मांडीचा फरा टाकू का जंत?" मामा त्याच्याकडे लक्ष न देता गुडघ्यांवर बसत, मांसाचा एकेक तुकडा फाकवून त्यात तांदळाच्या कणीएवढे जंताचे पांढरे दाणे आहेत का ते बघत, आणि बाकीचे लोक घरी जाऊन जेवून ढेकर देत परत आले तरी मामांचं बघणं संपलेलं नसे.

मटण घरातल्या चुलीवर शिजत नसे. अंगणात तीन दगड मांडून, वेगळ्या मडक्यात, मामा स्वतः ते शिजवत. दुपारी चढवलेलं मडकं तिन्हीसांजेला उतरायचं. मटण हाडापासून आपलं आपण सुटलं पाहिजे, ही पहिली अट. मग पहिला तुकडा काळूला. काळू हा त्यांचा कुत्रा. त्यानं खाल्ल्यावर मामा त्याच्यासमोर उकिडवे बसून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. एकदा काळू पोटभर खाऊन झोपी गेला. कुत्रा जेवला की झोपतो, हे मामांना माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी ते त्याला हलवून उठवत, चार पावलं चालवत, पुन्हा तो आडवा झाला की पुन्हा उठवत. मटण गार होऊन वर चरबीची साय धरली. मामी शांतपणे म्हणाली, "त्याला झोप आलीय. तुमी जेवा." मामा जेवले, पण एका डोळ्यानं काळूकडे बघत.

चौक गावच्या एका सोयऱ्यांकडे तर त्यांनी कहर केला. भरल्या पंगतीत मामांना एक तुकडा जरा चिवट लागला. ते ताटावरून उठले, तुकडा चिमटीत धरून अंगणात गेले, आणि उन्हासमोर धरून एक डोळा मिटून बघू लागले. पंगतीतले सगळे हात थांबले. घरधनी कावराबावरा होऊन दारात उभा. मामा परत आले, म्हणाले, "आसंल बरोबर, तरी पन शिजल्यातबी एखादा चिवट ऱ्हातो," आणि जेवू लागले. त्यांच्याखेरीज दुसरं कुणी पुढे जेवलं नाही. मामी बायकांच्या पंगतीत होती. ती खाली मान घालून फक्त भात कालवत राहिली.

त्या पावसाळ्यात मामीला हिवताप आला. त्यावरचं औषध, कोयनेल, मिळायची मारामार होती. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. दिवाळीनंतर तो थांबला तेव्हा पडवीतल्या बाजेवर मामी आहे की नुसती गोधडी, हे जवळ गेल्याशिवाय कळत नसे. कर्जतहून डॉक्टर आले. त्यांनी मामांना अंगणात नेलं. मी पाणी घेऊन उभी होते, म्हणून ऐकलं. "ताप गेला, पण अंगात काही शिल्लक नाही. तूप, दूध, मटण, चरबी, मिळेल ते पोटात घाला. नाहीतर पुढच्या तापाला ही टिकायची नाही."

दुभती म्हैस आटली होती. बकऱ्या लष्कराच्या ठेकेदारानं गावोगाव फिरून नेल्या होत्या. कोंबड्यांत रोग आला होता. तूप तर पाहायलाही मिळत नव्हतं. मामांच्या येरझाऱ्या आता सकाळपासूनच सुरू होत. अशात एका सकाळी डोंगराकडून आरोळी आली. भातावर पोसलेला मोठा डुक्कर पडला होता. धोंडूनं त्या दिवशी थट्टा केली नाही. चरबीचा चांगला भाग बघून त्यानं मामांच्या पानावर ठेवला आणि म्हणाला, "मामीला घाला."

मामांनी दुपारभर मडक्याखाली जाळ ठेवला. मी शेजारी बसून काटक्या पुढे सारत होते. मटण हाडापासून सुटलं, रस्सा दाट झाला, वास पार उडवीपर्यंत गेला. मामा वाडगा भरून पडवीत गेले.

"मी नाय खायची," मामी म्हणाली.

"का गं?"

"त्यात जंत असतात. तांदळाच्या कणीएवढं. तुमीच सांगता."

"अगं, ते कच्च्यात. ह्ये शिजलंय."

"शिजल्यातबी एखादा चिवट ऱ्हातो. चौकला पंगतीत बोललात."

"तो गावडुकरात गं! ह्ये रानातलं. आपलाच भात खाल्लेलं."

"जंताला काय ठावं, रानचं कोनचं नि गावचं कोनचं?"

 इतकी वर्षं तांदूळ निवडता निवडता मामीनं मामांचा एकेक शब्द निवडून ठेवला होता, आणि आता तो त्यांच्यापुढे मांडत होती, रागानं नव्हे, खऱ्याखुऱ्या भीतीनं. तिच्या बारीक झालेल्या मनगटाकडे बघवत नव्हतं. मला वाटलं, आता मामा चालायला लागणार. त्यांनी अंगणाकडे एक पाऊल टाकलंही. मग ते वळले आणि बाजेच्या पायथ्याशी मांडी घालून बसले. त्यांनी वाडग्यात हात घातला आणि पहिला तुकडा, न फाकवता, न उजेडाकडे धरता, काळूला न देता, सरळ तोंडात टाकला. मग दुसरा. मग वाडगा तोंडाला लावून रस्सा प्यायले.

"बघ माझ्याकडं," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "मी काळूकडं बघतो ना, तशी बघ."

मामी खरंच बघत राहिली. बराच वेळ. मामा जांभई दाबत होते, ते मला दिसत होतं. झोप आली असं तिला वाटायला नको. शेवटी मामीच्या ओठांचा कोपरा हलला. "शेपूट हलवा की मंग," ती म्हणाली आणि हसली. तापानंतर पहिल्यांदाच. मग तिनं हात पुढे केला.

मी भरून आणलेला दुसरा वाडगा तिनं संपवला. मामा तोवर जागचे हलले नाहीत. तिचा डोळा लागल्यावर मात्र ते उठले, आणि रात्री उशिरापर्यंत उडवीभोवती फिरत होते. पुढे कित्येक दिवस त्यांचा एक हात आपल्या पोटावर असे. होळीपर्यंत मामी कळशी घेऊन विहिरीवर जाऊ लागली. बरणीची गोष्ट मामांनी त्या घरात पुन्हा काढली नाही. मामी मात्र कधी मुद्दाम म्हणायची, "बोला की काय तरी. तांदूळ निवडायला करमत नाय."

लढाई संपायच्या आधीच मी मुंबईला परतले. स्वातंत्र्यानंतरच्या एका पावसाळ्यात मामी पुन्हा हिवतापानं पडली, आणि त्या खेपेला उठली नाही. थंडीत मी गावी गेले. पडवीत बाज रिकामी होती, खुंटीवरची बाटलीही नव्हती. मामा अंगणात चालत होते. मला बघून थांबले, पण खुशाली काही विचारली नाही.

"बाय, तू मडक्यापाशी होतीस त्या दिवशी," ते म्हणाले. "मटण पुरतं शिजलं व्हतं ना गं?"

कुणाशी बोलताना माझा आवाज अजूनही मलाच कसाबसा ऐकू येई. त्या दिवशी मात्र तो शेजारच्या घरापर्यंत गेला असेल. "शिजलं होतं, मामा. तिला ताप आला. डासाचा ताप."

मामांनी मान हलवली आणि ते पुन्हा चालू लागले. मीही त्यांच्याबरोबर निघाले.  उडवीच्या वळणावर त्यांनी हळूच विचारलं, "हाडापासून सुटलं व्हतं?"

"सुटलं होतं, मामा. आपलं आपण सुटलं होतं."