स्पीकरखालची खुर्ची

आई घरी सिनेमा बघायला तयार नसायची आणि त्यावरून मी तिच्याशी तीन वर्षं भांडले. आज ते भांडण आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. माणसाची चूक होते, मीही शंभरदा केली असेल. पण एका रविवारी दुपारी, हातात निप्पट्टूची, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत पुऱ्यांची ताटली घेऊन मी दिवाणखान्याच्या दारात उभी राहिले आणि जे पाहिलं, त्याचा धक्का अजून पुरता उतरलेला नाही.

आम्ही म्हैसूरचे. घराण्यात कधीकाळी कापड रंगवण्याचं आणि छपाईचं काम होतं. वडिलांपर्यंत त्याचं कापडाचं दुकान झालं आणि माझ्यापर्यंत येता येता शाळेतला खडू. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण तिच्यात कन्नड कधी आणि किती मिसळलं हे कुणालाच सांगता यायचं नाही. महाराष्ट्रातून कुणी पाहुणा आला की पाच मिनिटं आमचं बोलणं ऐकतो आणि मग हळूच विचारतो, तुम्ही मराठीच ना? हे मुद्दाम सांगते आहे, कारण आमच्या घरातला पुढचा सगळा घोळ या भाषेच्या आडोशाला झाला.

आईचं माहेर टी. नरसीपूर. तिच्या लहानपणी तिथे तंबूत सिनेमा लागायचा आणि ही वाळूवर मांडी घालून बघायची. लग्न होऊन म्हैसूरला आली ती हे वेड घेऊनच आली. नवा सिनेमा लागला की पहिल्या आठवड्यात बघायचाच. वडील कुरकुरत न्यायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या ओट्यावर गल्लीतल्या बायका मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या कळ्या घेऊन जमायच्या आणि आई माळ ओवता ओवता त्यांना अख्खा सिनेमा सांगायची. नुसती गोष्ट नाही, संवादासकट. नायकाचा बाप कसा खोकतो तेही. मी अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून खिडकीत बसून ऐकायची. तिचं ऐकून मग खरा सिनेमा पाहिला तर तो जरा फिकाच वाटायचा.

वडील गेले आणि आई आमच्याकडे राहायला आली. आम्ही म्हणजे मी, माझे यजमान आणि कॉलेजात जाणारी लेक. आईचं सिनेमाचं वेड कमी झालं नव्हतं. आता मी न्यायची. एकच विचित्र खोड तिला लागली होती. थिएटरात मधल्या चांगल्या खुर्च्या सोडून ही बाजूच्या भिंतीला चिकटून, स्पीकरच्या बरोबर खालची खुर्ची मागायची. तिथून पडदा तिरका दिसतो आणि डोकं फुटेल असा आवाज येतो. मी म्हणायची, आई, मधे बस ना. ती म्हणायची, "बेडा ग, नको, मला इथंच बरं." मध्येच उठून बाथरूमला जायला सोपं पडत असेल, असं मी ठरवून टाकलं. मला काहीही ठरवून टाकायला वेळ लागत नाही.

मग ती साथ आली आणि थिएटरं बंद झाली. आमच्या घराजवळचं एकपडदा थिएटर बंद झालं ते पुन्हा उघडलंच नाही. पत्रे लावून पाडायला घेतलं तेव्हा आई तिथे उभी राहून बघत होती. आम्ही मात्र मोठा टीव्ही घेतला. एका शुक्रवारी, थिएटरात न जाता एक नवाकोरा सिनेमा थेट आमच्या दिवाणखान्यात आला. मी गाऊनमध्ये, केसांना तेल लावून, सोफ्यावर पाय वर घेऊन पहिल्या दिवशी नवा सिनेमा बघत होते. मला खरंच चोरी केल्यासारखं वाटलं, इतकं ते अचाट होतं. आई म्हणाली, "हा नवा सिनेमा? मग लोक कुठं हाएत?"

थिएटरं परत सुरू झाली, पण आम्ही गेलो नाही. आळस. गाडी लावायला जागा शोधा, रांगेत उभे राहा, पुढच्या माणसाच्या डोक्यावरून बघा. त्यापेक्षा महिनाभर थांबलं की तोच सिनेमा घरी येतो. यजमान खुर्चीत डुलकी काढायला मोकळे, लेक फोन बघायला मोकळी आणि मी स्वयंपाकघरात ये-जा करायला मोकळी. फक्त आई तयार नव्हती.

"टीव्हीवर बेडा. थिएटरला जाऊया, अल्वा, हो ना?" दर रविवारी हेच. मी दर रविवारी हेच ऐकून तापायची. बसवली तरी तिची तक्रार ठरलेली. सिनेमा समुद्राकडच्या कन्नडमधला असला तर म्हणे, "हे मंगळूरकडचं कन्नड, मला कळत नाही." हुबळीकडचा असला तर, "ते लोक फास्ट बोलतात." हिंदी असला तर, "हिंदी मला कधी आली?" खाली इंग्रजी अक्षरं यायची, पण तिची शाळा कन्नड, त्यामुळे तीही निरुपयोगी. आम्हाला यात काहीच खटकलं नाही. आमच्या घरात कुणालाही कुठलीही भाषा अर्धीच कळते, त्यात नवल काय? लेक तर आजीची नक्कलच करायची. आईही हसायची.

ती आमच्याबरोबर हसायची, पण जरा उशिरा. आम्ही हसलो की एक क्षण जायचा आणि मग ती. सोफ्यावरसुद्धा ती टीव्हीकडे तोंड करून बसायची नाही. तिरकी बसायची, आमची तोंडं दिसतील अशी. मी ओरडायची, आई, सिनेमा तिकडे आहे! आणि सिनेमाची गोष्ट सांगणं तर तिनं सोडूनच दिलं होतं. मैत्रिणी आल्या तर म्हणायची, चांगला होता. बस, एवढंच. मी म्हटलं, वय झालं.

त्या रविवारी मी खास बेत केला होता. आमच्याकडे थिएटरात मराठी सिनेमा लागत नाही. माझ्या उभ्या जन्मात आईनं नवा मराठी सिनेमा वेळेवर पाहिलेला नव्हता. आणि आता एक नवा मराठी सिनेमा घरी आला होता. मी सकाळपासून हवेत होते. निप्पट्टू तळायला घेतले, सगळ्यांना तीनला हजर राहायला सांगितलं. आई म्हणाली, "थिएटरला काय लागलंय ग? तिथं जाऊया." झालं. माझं डोकं फिरलं.

"आई, तुला कन्नड कळत नाही, हिंदी कळत नाही, आता मराठी आणली तर तीही नको! तुला नक्की कळतं तरी काय?"

ती येऊन सोफ्यावर बसली. मग म्हणाली, "आयतु, बरं. बघते."

सिनेमा सुरू झाला. पंधरा मिनिटांनी मी उरलेले निप्पट्टू तळायला आत गेले. यजमानांची मान कधीच कलली होती. लेकीचा फोन वाजला तेव्हा तिनं रिमोटनं टीव्हीचा आवाज बंद केला आणि ती बोलत बाल्कनीत गेली. मला हे आतून कळत होतं, कारण घर एकदम शांत झालं. कढईची चुरचुर तेवढी. तिचा फोन काही संपेना. मी ताटली भरून बाहेर आले, ती दारातच थांबले.

टीव्हीवर एक बाई हातवारे करून तावातावानं बोलत होती. तिचा एक शब्द घरात येत नव्हता. आई पुढे झुकून बघत होती. मला पाहून ती हसली, अगदी मनापासून खूश झाल्यासारखी हसली, आणि म्हणाली,

"ये, बस. किती चांगलं बोलते ग ही! हे मराठी मला सगळं कळतंय."

माझ्या हातातली ताटली तिरकी झाली आणि दोन निप्पट्टू खाली पडले. त्यांचा आवाज मला ऐकू आला. तिला आला नाही. ती परत पडद्याकडे वळली होती.

मी शाळेत गणित शिकवते. मागच्या बाकावरचं कोणतं पोर ऐकतंय आणि कोणतं नुसती मान हलवतंय, हे मला फळ्याकडे तोंड असताना कळतं, अशी माझी ख्याती आहे. मला स्वतःला त्याचा फार अभिमान. ती मी, माझ्याच घरात, ताटली धरून उभी होते आणि माझ्या आईबद्दल मला इतकी वर्षं काही कळलं नव्हतं.

मी तिच्या पाठीमागे गेले. "आई," म्हटलं. ती बघत राहिली. परत म्हटलं, जरा मोठ्यानं. काही नाही. मग तीन वर्षं ती जे माझ्याकडून ऐकायला आसुसली होती तेच म्हणाले.

"आई, उद्या थिएटरला जाऊया."

तिनं मान वळवली नाही. पडद्यावरच्या बाईनं डोळे पुसले तसे हिनंही पदरानं डोळे पुसले.

लेक आत आली आणि माझं तोंड बघून घाबरली.  मी खाली पडलेले निप्पट्टू गोळा करत बसले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

मंगळवारी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. आई जायला तयार नव्हती, पण मी नेलं. काचेच्या खोलीत बसवून, डोक्याला यंत्र लावून त्यांनी अर्धा तास तपासलं. दोन्ही कान गेलेले. एकदम नाही, हळूहळू, सात-आठ वर्षं तरी झाली असतील, म्हणाले. सात-आठ वर्षं! मी म्हटलं, डॉक्टर, शक्य नाही, आम्ही रोज बोलतो. ते म्हणाले, त्या बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून शब्द ओळखतात. घरात पंखा, कुकर, चार माणसं, त्यात सगळ्या शब्दांचा काला होतो. मोठा, स्वच्छ आवाज असला तर अजून पोचतो. आणि मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "थिएटरात जातात का? तिथं त्यांना नीट ऐकू येत असेल."

मला त्या खोलीत बसल्या बसल्या भिंतीलगतची ती खुर्ची दिसली. पडदा तिरका दिसणारी, माझ्या डोक्याला ताप देणारी. अख्ख्या म्हैसूरमध्ये ती एक जागा होती जिथे माझ्या आईला माणसांची वाक्यं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू येत होती. आणि मी ती बंद केली होती. सोय म्हणून. गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून. मला स्वतःची इतकी शरम आयुष्यात वाटली नव्हती.

घरी येऊन मी तिला विचारलं, "का नाही सांगितलंस?"

ती माझ्या ओठांकडे बघत होती. आता मला ते दिसत होतं. इतकी वर्षं ती माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होती.

"तू ओरडतेस ग," ती म्हणाली.

"मी कधी ओरडले?" असं मी ओरडूनच विचारलं, आणि माझं मलाच ऐकू आलं.

"तुझी शिकवणीची पोरं यायची ना घरी? एकाला म्हणालीस, कान घरी ठेवून आलास काय. ते पोर रडलं. मग मी कशाला सांगू?" तिनं पदर सारखा केला. "थिएटरात बरं असतं. तिथं सगळ्यांनाच मोठ्यानं सांगतात. माझ्या एकटीवर कोण ओरडत नाही."

मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. तिला ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही नळ सोडला. सवय.

आता तिच्या कानात यंत्र आहे. ते तिला फारसं आवडत नाही, भांडी फार वाजतात म्हणते. सवय होईल, असं डॉक्टर सांगतात. पण यंत्र येण्याआधीच्या शुक्रवारी मी शाळेतून आले, चपला काढल्या आणि तिच्या समोर जमिनीवर बसले. तोंड तिला नीट दिसेल असं. हळू आवाजात म्हणाले, "आई, उद्या थिएटरला जाऊया."

तिनं विचारलं, "कुठल्या शोला?"

शनिवारी दुपारी आम्ही दोघी भिंतीलगत, स्पीकरखाली बसलो. सिनेमा कन्नड होता, तोही हुबळीकडच्या कन्नडमधला, तिला न कळणारा. आवाज असा की माझ्या छातीत धडधडत होतं. मी कानांवर हात ठेवले आणि पडद्याचं सोडून तिच्याकडेच बघत बसले. ती माझ्याकडे एकदाही वळली नाही. नायकाच्या मामानं काहीतरी म्हटलं, मला ते आवाजाच्या भडिमारात कळलंच नाही, आणि आई खो खो हसली. मी हसायच्या आधी हसली.