कार्यक्रम उत्साहात संपन्न

जनसंपर्क या विषयात पदवी मिळते, हे आमच्या सायखेड्यात कुणालाच पटेना. "लोकांशी बोलायला कॉलेज लागतं व्हय?" काकांनी विचारलं. निवडणुकीत सगळ्या उमेदवारांचा चहा पिऊन मत कुणाला दिलं याचा पत्ता न लागू देणारे काका म्हणजे या विषयाचे विभागप्रमुखच! त्यांना काय सांगणार?

नाशिकच्या कॉलेजात पहिल्या वर्षीच एक गुरुमंत्र मिळाला. कार्यक्रमाची बातमी आदल्या दिवशी लिहून ठेवायची. सर म्हणत, "पेपरवाल्यांना थांबायला वेळ नसतो." त्यामुळे पाहुणे घरून निघण्याआधीच त्यांचं मार्गदर्शन मौलिक ठरलेलं असायचं आणि मांडवात खुर्च्या लागण्याआधीच श्रोते मंत्रमुग्ध झालेले असायचे.

शेवटच्या वर्षी लोकांचा एखादा प्रश्न अधिकाऱ्यांपुढे मांडायचा होता. मला तो शोधायला लांब जावं लागलं नाही. माझी आई पहाटे शेवंती आणि झेंडू घेऊन पंचवटीत विकायला बसते. ती बसते तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. म्हणून तिथल्या साऱ्याजणी दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत. त्यापायी आईचा दवाखाना सुरू झाला होता, तरी घरी ती "उन्हाचं हाय" म्हणून वेळ मारून न्यायची. सरांना विषय फार आवडला. फक्त बॅनरवर असले शब्द बरे दिसत नाहीत, म्हणून त्यांनी कार्यक्रमाचं नाव 'महिला सन्मान संवाद' ठेवलं.

चार माणसांत कधी तोंड न उघडणारी आई बोलायला तयार झाली. हार ओवता ओवता पाठ करू लागली, "साहेब, आमाला दुसरं काय नको. बाजारात बायांसाठी संडास बांधा."

"आई, स्वच्छतागृह म्हण."

"संडासाला संडास नाय म्हणायचं? लय शिकली तू."

कार्यक्रमाला महापालिकेचे साहेब व्यवस्थित उशिरा आले. दीपप्रज्वलन झालं. मग सत्कार. आधी साहेबांचा, मग साहेबांसोबत आलेल्यांचा, मग प्राचार्यांचा, सरांचा, मांडववाल्याचा आणि शेवटी, इतका वेळ सत्कार पुकारून घसा बसला म्हणून सूत्रसंचालकाचा. शाल, श्रीफळ आणि आईनेच ओवलेले हार. आमच्याकडे प्रश्न राहून गेला तर चालतो, सत्कार राहिला तर माणूस जन्मभर बोलत नाही. मग साहेबांनी घड्याळ पाहिलं, स्त्री ही आदिशक्ती असल्याचं सांगितलं आणि त्यांना पुढच्या कार्यक्रमाची घाई झाली.

"आता आपल्या भगिनी मनोगत..." एवढं सूत्रसंचालकाच्या तोंडून ऐकून आई पदर सावरत उठली. पण सरांनी हातानेच खूण केली आणि राष्ट्रगीत सुरू झालं. सगळेच उठले, त्यामुळे ती बोलायला उठली होती हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला मात्र ते अजून सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली. 'फुलविक्रेत्या महिलांनी आपल्या समस्या परखडपणे मांडल्या. मान्यवरांनी सकारात्मक प्रतिसाद दिला. कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला.' काना-मात्रेचा फरक न होता माझा मजकूर. सरांनी कात्रण फळ्यावर लावलं आणि मला वर्गात सर्वांत जास्त गुण दिले.

घरी आईने पेपर मांडीवर घेतला आणि बोट फिरवत सावकाश वाचला. आत तिचं नावही होतं.

"परखड म्हंजी?"

"न घाबरता. स्पष्ट."

तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग पेपर नीट घडी करून फुलांच्या पाटीत ठेवला.

"उद्या बाजारात समद्या इचारतील, साहेब काय म्हणले," ती म्हणाली. "काय सांगू?"