विहिरीतली सवय

१७ एप्रिल १९८३, रविवार. सकाळपासून मी गच्चीवर वर्षाच्या गव्हाला एरंडेल लावत होते. एकट्या माणसाला फार गहू लागत नाही, तरी दोन तास मोडतात. तळहाताला तेल घ्यायचं आणि मूठमूठ गहू चोळायचा, म्हणजे पुढे कीड लागत नाही. त्या दिवशी मदतीला माझा भाचा होता, थोरल्या भावाचा मुलगा. चौदा तारखेच्या जयंतीसाठी रजा काढून गावी आला होता आणि परत जाताना दोन दिवस नाशिकला माझ्याकडे थांबला होता. अंदमानात बंदराच्या धक्क्यांची पाण्याखालची डागडुजी करणाऱ्या एका ठेकेदाराकडे तो पाणबुड्या होता.

गहू चोळता चोळता तो सांगत होता, की त्याच्या कामाच्या जागेपासून होडीने अर्ध्या तासावर एक लहानसं बेट आहे. सुट्टीच्या दिवशी तो पाठीला हवेचं सिलिंडर बांधून तिथे उगीच खाली जातो.

"उगीच म्हणजे?"

"म्हणजे काम नसताना. बघायला. आत्या, तीन पुरुष खोल पाणी असतं, पण तळाचा खडा न् खडा दिसतो."

माझा हात थांबला. पाण्याच्या तळाशी मी पुष्कळदा गेले होते, पण तिथे काही दिसतं हे मला ठाऊक नव्हतं.

आमचं गाव नांदगाव तालुक्यात. आमच्या वस्तीची विहीर वेगळी होती. का वेगळी होती ते वाचणाऱ्याला सांगायला नको. खोल विहीर, जुने दोर. दोर तुटला की हंडा किंवा कळशी आत जायची. मग आधी गळ टाकायचे. गळ म्हणजे सगळीकडून आकडे असलेला लोखंडी तुकडा, दोराला बांधून तळ चाचपायला. गळाला भांडं लागलं नाही की मला हाक यायची. आठव्या वर्षापासून तेराव्या वर्षापर्यंत वस्तीतली पडलेली भांडी मी काढली. एका भांड्याला खोबऱ्याची एक वाटी मिळायची.

मला कुणी शिकवलं नव्हतं. छाती भरून श्वास घ्यायचा, तोंड मिटायचं आणि खाली जायचं. कान दुखले तर नाक दाबून आतून जोर लावायचा. डोळे बंद, कारण तळाचा गाळ डोळ्यांत गेला की दोन दिवस आग व्हायची. हातांनी शोधायचं. श्वास सुटू द्यायचा नाही, तो सुटला की भांडं तिथेच राहिलं. काठावर बायका वाकून काहीबाही सांगत असायच्या, पण डोकं पाण्याखाली गेलं की त्यांचे आवाज बंद. मग गार चिखल आणि माझे दोन हात, बस. पाच वर्षं मी त्या तळाशी जात होते आणि तो एकदाही पाहिला नाही.

तेरावं लागलं आणि आईने ते बंद केलं. पुढे शाळा, वसतिगृह, नोकरी, लग्न, नाशिक. लग्नानंतर एकदा नवऱ्याला हे सांगितलं होतं. तो पेपर वाचत होता. "इथे नळ आहे," म्हणाला. माणूस चांगला होता. १९७६ साली गेला. मूलबाळ नाही. तेव्हापासून संध्याकाळी सहाला ऑफिसातून घरी आले की माझ्या तोंडचं पुढचं वाक्य दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, दूधवाल्याशी, "अर्धा लिटर." तक्रार म्हणून सांगत नाही. दिवसाची मांडणी तशी होती.

"मी येते तिकडे," मी भाच्याला म्हणाले.

त्याला वाटलं बेट बघायला. "ये की. तुझी ती सरकारी सवलत सडतेय नाहीतरी."

"बेट बघायला नाही. तू जातोस तिथे, खाली."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मी चव्वेचाळीस वर्षांची, पदर खोचून गव्हाच्या राशीपाशी बसलेली. पण वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांकडून त्यानेही भांड्यांची गोष्ट ऐकलेली होती. "बघू," म्हणाला.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून होते. चार वर्षांतून एकदा देशात कुठेही जायला प्रवासखर्च मिळायचा. बाकीचे कुटुंबासकट दिल्ली-आग्रा नाहीतर कन्याकुमारी करायचे. मी ती सवलत कधी घेतलीच नव्हती, एकटीने कुठे उतरायचं म्हणून. माझा अर्ज पाहून हेडक्लार्क म्हणाले, "बाई, लोक काश्मीरला जातात. तुम्ही आपणहून काळ्या पाण्याला निघालात. गुन्हा काय केलात?"

"रजा शिल्लक ठेवली," मी म्हणाले. त्यांनी सही केली.

१९८४च्या फेब्रुवारीत मी गेले. मद्रासहून बोट तीन दिवस, त्यातले दोन दिवस मी उलट्या केल्या. भाच्याची पत्र्याची खोली धक्क्याजवळ होती. पहिल्याच सोमवारी तो मला किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात घेऊन गेला. मी नाशिकहून काळ्या पॉपलीनची सलवार आणि पूर्ण बाह्यांचा सदरा शिवून नेला होता. त्याने माझ्या डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवला, पाठीला सिलिंडर लावलं आणि नळीच्या टोकाचा रबरी तुकडा दातांत धरायला दिला. "गुडघे टेक, डोकं पाण्याखाली घे आणि नेहमीसारखा श्वास घे. बास."

मी डोकं खाली घेतलं. थोड्या वेळाने त्याने मला खांद्याला धरून वर उठवलं.

"बुडबुडे कुठंयत?"

"कसले?"

"श्वास सोडला की बुडबुडे येतात. तुझे येत नाहीत. तू श्वास धरून बसलीयस."

"घेतेय की मी श्वास."

"घेतेस. सोडत नाहीस."

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. घेताना मला कळायचं, पण आत गेलेला श्वास मी दाबून ठेवते हे कळायचं नाही. पाणी डोक्यावरून गेलं की छाती आपोआप बंद व्हायची. भाच्याने किनाऱ्यावर बसवून समजावलं. सिलिंडरमधली हवा खोलवर छातीत भरून घेतली आणि तशीच धरून वर आलं, तर ती वर येताना फुगत जाते. फुगा फुटतो तशी फुप्फुसं फुटतात. विहिरीत ही भीती नसते, कारण तिथे श्वास वरूनच घेतलेला असतो. "ज्याला पोहता येत नाही त्याला मी एका दिवसात शिकवतो. तुझ्यासारख्याला अवघड."

"मग?"

"मग नाही. आत्या, तुला काही झालं तर बाबा मला गावात पाय ठेवू देणार नाहीत."

परतीची बोट शनिवारची होती. मंगळवार ते गुरुवार त्याला काम होतं, मोकळा फक्त शुक्रवार. मला इथे दुसरं काही करायचं नव्हतं. एकदा पाण्याच्या तळाशी जाऊन उघड्या डोळ्यांनी बघायचं, एवढ्याचसाठी मी आले होते. ते आता माझ्या छातीच्या एका सवयीवर येऊन अडलं होतं. मी म्हणाले, "शुक्रवारी सकाळी परत बघ. नाही जमलं तर मी मागणार नाही."

तीन दिवस तो कामावर गेला की मी मोरीत बादली भरून ठेवायची. पाण्याच्या वरवर पोहताना तोंडात धरतात ती वाकडी नळी त्याने दिली होती. ती तोंडात घालून चेहरा बादलीत बुडवायचा. आकडे मोजून पाहिले. आकडे मनातल्या मनात मोजता येतात आणि श्वास तसाच राहतो. मंगळवार फुकट गेला. बुधवारी दुपारी सुचलं, की बोलताना श्वास धरता येत नाही. मग पाठ असलेलं काहीतरी म्हणायला हवं. मला पाठ होती ती बुद्धवंदना. धर्मांतरानंतर सुट्टीत गावी गेले की वस्तीत रोज संध्याकाळी म्हणायचो. मी बादलीत तोंड घालून वंदना म्हणू लागले. दातांत नळी असल्यावर शब्द उमटत नाहीत, नुसता घूं घूं आवाज होतो, पण एकेक ओळ संपेपर्यंत श्वास बाहेर जातो आणि पुढच्या ओळीसाठी नवा घ्यावाच लागतो. गुरुवारी संध्याकाळपर्यंत गुडघ्यांची सालं निघाली होती. भाचा कामावरून आला तेव्हा मी बादलीतच होते. तो दारात उभा राहून ऐकत होता.

"शेजारचे विचारत होते," तो म्हणाला, "तुझ्याकडे म्हैस बांधलीय का म्हणून."

शुक्रवारी कमरेएवढ्या पाण्यात त्याने मला बराच वेळ बसवलं आणि बुडबुडे पाहिले. मग होडीवाल्याला हाक मारली.

बेटाजवळ होडी थांबली. भाच्याने माझं मनगट धरलं आणि आम्ही खाली गेलो. कान दुखले, नाक दाबलं, मोकळे झाले. मी वंदना म्हणत होते. पहिल्यांदा मला माझे हात दिसले. मग पाय. मग खाली, मी आहे तिथून दोन माणसं खोल, वाळूत पडलेला एक शिंपला, आणि त्या शिंपल्याची सावली.

पाण्यात सावली पडते हे मला नवीन होतं.

पोवळ्यांची झाडं म्हणतात, पण मला ती झाडं वाटली नाहीत. काही कोबीच्या गड्ड्यासारखी होती, काही हरणाच्या शिंगांसारखी. त्यांच्यातून हळदीच्या रंगाचे चपटे मासे थव्याने वळत होते, सगळे एकदम. एक निळा मासा पोवळ्याला चोच मारत होता. फुटाणे भाजताना येतो तसा बारीक कडकड आवाज सगळीकडून येत होता, तो नक्की कशाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. बोटाएवढा एक मासा माझ्या काचेसमोर येऊन थांबला, पाहिलं, आणि निघून गेला. त्याला माझ्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. मला ते आवडलं.

भाचा शेजारी होता, पण तिथे कुणी कुणाशी बोलू शकत नाही. नाशिकच्या माझ्या खोलीतही कुणी बोलत नाही, पण तिथे कान दाराकडे असतात. खाली ते नव्हते. नवऱ्याची आठवण आली नाही, आईची आली नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. लोक तिथे पुन्हा पुन्हा का जातात, याचं उत्तर मासे आणि रंग हे मी कुणी विचारलं तर सांगते. खरं उत्तर हे आहे, की तिथे एकटं असणं हा कुणातला कमीपणा नसतो. सगळेच एकटे असतात.

भाच्याने अंगठा वर केला. वर चल. मी नाही म्हणून मान हलवली. त्याने हवेचा काटा दाखवला आणि परत अंगठा केला. मी परत मान हलवली. तिसऱ्यांदा त्याने दंड धरला आणि मला हळूहळू वर आणलं, माझ्या तोंडाकडे बघत, बुडबुडे येतायत ना ते पाहत. येत होते.

होडीत त्याने माझ्या पाठीवरचं सिलिंडर उतरवलं. मग म्हणाला, "आत्या, खालीच राहायचं होतं का?"

"हो."

"हे बरं नाही."

"तुला नाही वाटत?"

"वाटतं ना." त्याने होडीवाल्याकडे पाहिलं आणि आवाज कमी केला. "सगळ्यांना वाटतं. पण भूक लागते."

शनिवारी बोटीवर सोडायला आला तेव्हा वाकून पाया पडला आणि म्हणाला, "परत आलीस तर नेईन. पण वर यायचं मी म्हणेन तेव्हा." मी बरं म्हणाले. चार महिन्यांनी त्याच्या ठेकेदाराचं तिथलं काम संपलं आणि त्याला दुसऱ्या किनाऱ्यावर पाठवलं, गढूळ बंदरात. ते बेट मी पुन्हा पाहिलं नाही.

बोट, मद्रास, रेल्वे करत नाशिकला परतले तो त्यापुढच्या आठवड्यातला रविवार होता. सोमवारी ऑफिसात गेले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "मासे कसे होते?"

मी सांगायला लागले. "हळदीच्या रंगाचे, थव्याने. सगळे एकदम वळतात..."

"नाही हो, खायला."

"बरे होते."

हेडक्लार्क आले. "तो तुरुंग पाहिलात का?"

"नाही. वेळ झाला नाही."

"अंदमानला जाऊन तुरुंग नाही पाहिला?" त्यांनी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं विचारलं, आणि पुढची कित्येक वर्षं ऑफिसात माझी ओळख तीच राहिली. अंदमानला जाऊन तुरुंग न पाहिलेल्या बाई. मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला नाही.

संध्याकाळी घरी भावाचं पोस्टकार्ड येऊन पडलं होतं. पोराने त्याला आधीच कळवलं होतं. "पोरगं लिहितं, तू पाण्यातून वर याया तयार नव्हती. आता वय झालं. आसं करू नाय. खुशाली कळव." मी कार्ड दोनदा वाचलं. उत्तर लिहायला बसले आणि खुशाल आहे, एवढंच लिहिलं. पाण्याबद्दल त्याला काय लिहिणार? त्याला पोहता येत नाही.

मंगळवारी सकाळी दूध घेतलं, तापवून झाकलं आणि साडेसहा वाजता घराबाहेर पडले. जलतरण तलावाचं फाटक नुकतंच उघडलं होतं. बायकांची वेळ साडेसातची आहे, असं पहारेकऱ्याने सांगितलं. आतल्या टेबलावरच्या बाईंनी फॉर्म दिला आणि विचारलं, "मुलीला शिकवायचंय?"

"मुलगी नाही. मीच."

"येतं का पोहायला?"

"येतं."

"मग शिकायचं काय?"

"काही नाही. पाण्यात यायचंय."

त्यांनी खांदे उडवले. मी उभ्यानेच फॉर्म भरला, वयाच्या रकान्यात चव्वेचाळीस लिहिलं, आणि डॉक्टरचा दाखला आणायला दवाखाना उघडायची वाट बघत बाहेर पायरीवर बसले. ऑफिसला वीस मिनिटं उशीर झाला.