दाजींची कावीळ

आमच्या दाजींइतका घाबरट माणूस भोकरदन तालुका सोडाच, अख्ख्या जालना जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहणार पिंपळगाव रेणुकाई. एसटीत ते दारालगतच बसतात, गाडी उलटलीच तर पटकन उतरता यावं म्हणून. आभाळ गडगडलं की मोबाईल बंद करून पिठाच्या डब्यात ठेवतात. पण या सगळ्यांत थोरली भीती काविळीची. त्यांचा मोठा भाऊ ऐन तिशीत काविळीने गेला. तेव्हापासून रोज सकाळी मोटारसायकलच्या आरशात खालची पापणी ओढून डोळे बघितल्याशिवाय दाजी चहा घेत नाहीत. पाहुण्याशी राम राम झाल्या झाल्या नजर त्याच्याही डोळ्यांकडे. मी याला फार हसायचो.

एका नवरात्रात दाजींनी घट बसल्यापासून नुसत्या पाण्यावर आणि लवंगेवर उपवास धरला. शेवटच्या माळेला आरशात पाहिलं, तर डोळे पिवळे. दाजी मोटारसायकल धरून तिथेच खाली बसले.

शेजारच्या गावातल्या एका जाणत्याने त्यांच्या गळ्यात काविळीची माळ घातली. ती जसजशी लांबते तसतशी कावीळ उतरते, असा आमच्याकडे समज. पथ्य म्हणून तेल बंद, हळद बंद, जेवण हलकं. दाजींनी भीतीपोटी हलकंही सोडलं. मूठभर फुटाणे आणि वाटीभर ताक. डोळे आणखी पिवळे दिसले की ते फुटाणे आणखी कमी करत. माळ लांबत लांबत बेंबीपर्यंत आली, पिवळेपणा मात्र जागचा हलेना. शेवटी अक्काचा फोन आला. "तू जल्दी ये. हे कायबी खाऊन न्हाई राह्यले. थोरल्या दिराचंबी असंच झाल्तं." मी तसाच पिंपळगावला निघालो.

जालन्याला नेताना दाजी खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "म्हैस इकू नका. तुझ्या अक्काला चहाला दूध लागतं." एरवी मी यावर हसलो असतो. रक्त दिलं, सोनोग्राफी झाली, आणि रिपोर्ट येईपर्यंत आम्ही बाकावर एकमेकांची नजर चुकवत बसलो. कुणाकुणाला कळवावं लागेल, ते मी मनात ठरवायला लागलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद पाहून विचारलं, "काका, जेवता काय?"

"काविळीत जेवण चालत न्हाई ना, बाई."

"तुमचं पिवळेपण जेवण सोडल्यानंच वाढलंय," त्या म्हणाल्या. लिव्हर ठणठणीत होतं. काहींचं लिव्हर जन्मापासूनच रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे तो पिवळा रंग, जरा सावकाश काढतं. पोटात अन्न कमी गेलं की तो वाढतो आणि डोळ्यांत दिसतो. त्याने लिव्हर बिघडत नाही. औषध एकच, दोन्ही वेळ पोटभर जेवण.

"मंग भावाची कावीळ येगळी होती?" दाजींनी हळूच विचारलं.

"तुम्ही सांगताय त्यावरून वेगळीच."

बसस्थानकासमोरच्या खानावळीत दाजींनी पहिला घास उचलून उजेडात धरला. "तेल हाय याच्यात," ते म्हणाले, आणि डोळे गच्च मिटून त्यांनी तो गिळला. काही दिवसांतच डोळे पांढरे झाले.

आता दाजींचं वय झालं, भूकही मंदावली. परवा जेवताना त्यांनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. माझी नजर आपोआप त्यांच्या डोळ्यांकडे गेली. दाजींनी ते बरोबर ओळखलं. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "असा बघू नको. खाऊन राह्यलो ना."